हौसाबाईंचं बेट

हौसाबाईंनी कानामागची पेन्सिल काढली, माझं नाव विचारलं, ते एका लांबुळक्या, कडा झिजलेल्या वहीत लिहिलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "हजर म्हना."

"मी इथंच उभी आहे की," मी म्हणाले.

"ते दिसतंय मला. हजर म्हना."

मी हजर म्हणाले. माझ्या शेजारी माझा नवरा उभा होता, तो आपणहून हजर म्हणाला. नगरहून आलेले एक निवृत्त इंजिनियर साहेब आपलं नाव आल्यावर नुसता हात वर करून "येस" म्हणाले. बाई पेन्सिल वहीवर टेकवून थांबल्या. नदीकाठी सकाळी साडेसहा वाजता, फेब्रुवारीच्या थंडीत, आम्ही सगळे त्या साहेबांच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटी साहेब "हजर" म्हणाले, तेव्हा कुठं पेन्सिल पुढं सरकली.

मी तेव्हा काष्टीच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. भीमेवरच्या धरणाचा फुगवटा आमच्या तालुक्याच्या कडेला येऊन ठेपतो, तिथं हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, हे मला माहीत होतं. आठ वर्षं माहीत होतं आणि आठ वर्षांत मी ते बघायला गेले नव्हते. एक दिवस शिक्षकखोलीत आमच्या चित्रकलेच्या सरांनी सांगितलं, "मॅडम, एक बाई सहा-सहा जणांना होडीतून बेटावर नेतात. जाऊन या. पण जुने कपडे घाला." जुने कपडे कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही. नुसते हसले.

ते होडीत बसल्यावर कळलं. होडीच्या तळाशी सहा रिकामी पोती, सहा विळे, रबरी हातमोज्यांचे जोड आणि फुटक्या मंगळुरी कौलांची एक चळत होती.

"निम्मा येळ बघायचं, निम्मा येळ करायचं," बाईंनी होडी सुटतानाच सांगून टाकलं. "नुसतं बघायचं आसंल तर मोबाईलवर दिसतं."

हौसाबाई साठी ओलांडलेल्या, बुटक्या, गोल चेहऱ्याच्या. गुडघ्यापर्यंत खोचलेल्या लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, डोक्यावर पदर आणि पदरावर कापडी टोपी. मनगटावर पुरुषी घड्याळ. आयुष्यभर त्या गावातल्या अंगणवाडीच्या सेविका होत्या. गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. निवृत्त झाल्या तेव्हा जुनी हजेरीची वही तेवढी त्यांनी घरी आणली, कारण तिच्यात मागची बरीच पानं कोरी होती.

होडी चालवायचे त्यांचे यजमान, नाना. नाना फेरीत फार तर दोन वाक्यं बोलायचे आणि त्यांतलं एक "पाय आत घ्या" हे असायचं. बाईंच्या बोलण्यातून उरलेली जागा त्यांना पुरत असावी.

बेटाला गावात बेट कुणीच म्हणत नव्हतं. ते 'टेकाड'. धरण व्हायच्या आधी ते गावालगतचं माळरान होतं, चारी बाजूंनी पाणी चढलं आणि त्याचा माथा तेवढा वर राहिला. बाभळीची चार झाडं, मधे खडीवाळूचा सपाट तुकडा. पण त्या तुकड्यावर दर उन्हाळ्यात नदी सुरय नावाचे पक्षी अंडी घालतात. पिवळी चोच, लाल पाय, डोक्याला काळी टोपी आणि पांढरंशुभ्र अंग. घरटं म्हणून काही नाहीच. वाळूत एक खळगी आणि तिच्यात खड्यांसारखीच दिसणारी दोन-तीन अंडी. बघणाऱ्याला पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

पक्ष्यांची पुस्तकातली नावं बाईंना माहीत होती, पण त्या ती वापरायच्या नाहीत. सुरय म्हणजे 'टोपीवाले'. पळीसारख्या चोचीचा चमचा म्हणजे 'वाढपी'. पंख पसरून उन्हात उभा राहणारा पाणकावळा 'वाळत घातल्याला'. टिटवीला 'तक्रारबाई' म्हणायच्या. रोहित पक्ष्यांना मात्र 'पाव्हने'. "त्यांचं काय, चार म्हैनं ऱ्हानार, खानार, जानार. आपली खरी मानसं टोपीवाली."

पहिल्या दिवशी पाहुणे दिसले तेव्हा आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. उथळ पाण्यात शे-दोनशे पक्षी, माना खाली, गुलाबी पायांचं जणू शेतच उगवलेलं. इंजिनियर साहेबांची बायको तर ओरडलीच. बाई होडीच्या टोकावर वळल्या आणि हळू पण ठाम आवाजात म्हणाल्या, "हाताची घडी, तोंडावर बोट."

पन्नाशीच्या बाईनं तोंडावर बोट ठेवलं. साहेबांनी ठेवलं. मी, जी रोज वर्गात हे चाळीस मुलांना सांगते, तिनंही ठेवलं. नाना इंजिन बंद करून खाली बघत हसत होते.

हे सगळं सुरू कसं झालं, ते मी त्यांना एकदा विचारलं होतं. निवृत्त झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात घरी बसवेना, म्हणून त्या नानांबरोबर मासे धरायला जाऊ लागल्या. टेकाडाच्या बाभळीला फाटकं नायलॉनचं जाळं अडकलेलं होतं आणि त्यात एक सुरय लटकलेला. जिवंत होता. बाईंनी दातांनी धागे तोडून तो सोडवला. उडता उडता त्यानं बाईंच्या कपाळावर चोच मारली. ती खूण त्या बोटानं दाखवायच्या. खरं तर आता तिथं काही दिसत नव्हतं.

"मंग मी सगळीकडं बघाय लागले. तर मॅडम, सगळं टेकाड जाळ्यांनी भरल्यालं! तीस वर्सं मी त्या पान्याकडं तोंड करून पोरांना चिमनी शिकिवली आन् हे मला दिसलं न्हाई."

पुढं पुण्याचं एक डॉक्टर जोडपं नानांना 'रोहित पक्षी दाखवता का' म्हणून विचारत आलं. बाई म्हणाल्या, दाखवू, पण येताना एक पोतंभर जाळी काढू लागा. डॉक्टरांना वाटलं, गंमत आहे. तीन तास जाळी ओढून, हाताला काटे टोचून घेऊन, बाईंच्या हातची मटकीची उसळ-भाकरी खाऊन ते गेले आणि पुढच्या रविवारी चार मित्रांना घेऊन परत आले. तिथून रविवारची होडी सुरू झाली. सहाच माणसं. "तीस पोरं एका टायमाला संबाळली म्यां. पन मोठी मानसं सहाच्या वर संबाळत न्हाईत. ऐकत न्हाईत."

काढलेली जाळी बाईंच्या परसात मांडवाला जायची. दोडका, कारली, घेवडा, सगळे वेल नायलॉनच्या जाळ्यांवर चढलेले. ज्या कोळ्यानं फाटकं जाळं पाण्यात न टाकता बाईंना आणून दिलं त्याला त्या मांडवाची भाजी. नवीन जाळी यायची बंद झाली त्याचं खरं कारण मात्र भाजी नव्हे. खरं कारण असं, की गावातला चाळिशीच्या आतला जवळजवळ प्रत्येक माणूस बाईंच्या अंगणवाडीतून गेलेला होता.

हे हत्यार त्या बिनदिक्कत वापरायच्या. एकदा माझ्यादेखत एका धिप्पाड, मिशीवाल्या मासेमाराला त्यांनी काठावर थांबवलं. तो मोटारसायकलवर होता, मागं त्याची बायको.

"रमेश, जाळ्याचं तुकडं कुठं टाकलं?"

"न्हाई बाई, म्या कुठं..."

"तू खोटं बोलला की तुजा डावा कान लाल हुतो. चार वर्सांचा हुतास तवापासून. सुकडी चोरली हुतीस तवा बी झाल्ता."

बायकोनं मागून वाकून त्याचा कान बघितला. रमेश संध्याकाळी जाळी घेऊन बाईंच्या दारात हजर. सरपंचांच्या बाबतीत त्या नुसत्या म्हणायच्या, "त्याची चड्डी मी बदललीय," आणि पुढं काही बोलायची गरज पडायची नाही.

मी त्या पहिल्या फेरीनंतर दर महिन्याला जायला लागले, मग पंधरा दिवसांनी, मग दर रविवारी. बाईंनी मला खुणेच्या दगडांचं काम दिलं. घरट्यापासून दोन पावलांवर चुन्याचा ठिपका दिलेला दगड ठेवायचा, म्हणजे येणारा माणूस त्या बाजूला पाय टाकत नाही. पिल्लं निघाली की वाळूत दोन विटांवर एक फुटकं कौल आडवं टाकायचं. दुपारी उन्हात पिल्लं त्याखाली सावलीला जाऊन बसतात. हे सगळं सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, आणि दहा मिनिटांत. बाई घड्याळ धरून उभ्या. दहा मिनिटं झाली की काम अर्धं असलं तरी मागं फिरायचं. "आई उठल्याली आस्ती. अंडं तापतं."

"तुमी हेच शिकिवता न्हवं शाळंत?" त्यांनी मला एकदा विचारलं.

"पक्ष्यांवर एक धडा आहे."

"आन् बघितलं न्हवतं कदी?"

"नाही."

त्या मला रागावल्या नाहीत. नुसतं "आता बघा" म्हणाल्या.

एका वर्षी मार्चमध्ये एक फोटोग्राफर आले. कॅमेऱ्याला हातभर लांबीची नळी, अंगावर झाडपाल्यासारखे कपडे. बाकीचे आम्ही बाभळीखाली जाळी सोडवत होतो, तेवढ्यात ते पोटावर सरपटत घरट्यांच्या अगदी जवळ गेले. सगळा थवा एकदम वर उठला आणि कल्ला सुरू झाला. बाईंना तिथं ओरडता येईना, ओरडलं तर पक्षी आणखी बिथरणार. त्या चालत गेल्या, वाकल्या आणि त्या गृहस्थांचा हात धरला. लहान मुलाचा रस्ता ओलांडताना धरतात तसा. त्यांना उठवून, हात न सोडता, वाळूच्या कडेकडेनं परत आणलं आणि पोत्यावर बसवलं.

"ह्ये हितं बसतील. माज्यापाशी."

तोवर टोपीवाल्यांनीही आपलं काम केलं होतं. कॅमेऱ्याच्या काचेवर, टोपीवर, खांद्यावर पांढरे फटकारे. ते गृहस्थ तासभर बाईंच्या शेजारी मांडी घालून बसले, कॅमेरा पुसत. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला आणि विळा मागितला. जाताना म्हणाले, "बाई, मला शाळेतसुद्धा कुणी असं हाताला धरून बसवलं नव्हतं." बाई म्हणाल्या, "म्हनून तर."

असं सगळं चाललेलं असताना दत्तूचं प्रकरण उभं राहिलं.

त्या वर्षी पाणी लवकर हटलं. धरणाचं पाणी मागं सरलं की काठाला जी गाळाची जमीन उघडी पडते, तिच्यात लोक गाळपेर करतात, म्हणजे पाणी पुन्हा चढायच्या आत निघणारं पीक घेतात. दत्तूनं कलिंगडं लावली होती. पस्तिशीचा, कष्टाळू, कमी बोलणारा माणूस. मार्चअखेर पाणी आणखी हटलं आणि काठ आणि टेकाड यांच्यामधे चिखलाची चिंचोळी पट्टी वर आली. दत्तूनं तिच्यावर मुरूम टाकला, ट्रॅक्टर जाईल एवढी वाट केली. टेकाडावरच्या सपाट तुकड्यावर त्याला काकडी लावायची होती. वर्षानुवर्षं ती जमीन त्याच्या आज्याची होती आणि त्या मुरमाच्या वाटेवरून तो तिच्याकडं निघाला होता, एवढं साधं होतं ते.

पण वाट झाली, आणि वाटेवरून कुत्री आली.

त्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा खुणेचे दगड जागच्या जागी होते. काही दगडांशेजारी अंडी होती. बऱ्याच दगडांशेजारी नुसती टरफलं. पक्षी डोक्यावर ओरडत होते. बाई एका दगडापाशी उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. मग पदरानं तोंड पुसलं, "चला" म्हणाल्या आणि त्या मुरमाच्या वाटेनं थेट दत्तूच्या शेतावर गेल्या. आम्ही मागं.

दत्तू कलिंगडाच्या वेलांना पाणी देत होता.

"दत्तू," बाईंनी सुरुवात केली, "तुला आठवतंय का, अंगनवाडीत तू..."

"बाई." त्यानं पाइप खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "लहानपनीचं काढून किती दिस भागिवनार तुमी? मला दोन पोरं हायती. म्या काय चड्डीत मुतनारा दत्तू न्हाई आता. जमीन माज्या आज्याची हाय, पानी हटलं तर म्या पेरनार. तुमाला पाखरं, मला पीक."

बाईंच्या चेहऱ्यावर तसा भाव मी आधी कधी पाहिला नव्हता. आपल्याच मुलानं पाठ फिरवावी तसा. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि वळल्या. एरवी दर फेरीहून परतल्यावर त्या काठावर पुन्हा हजेरी घ्यायच्या, जेवढे नेले तेवढे आणलेत ना, म्हणून. त्या दिवशी घेतली नाही. आम्ही सहा जण काठावर उभे राहिलो आणि मग आपापले निघून गेलो.

गुरुवारी त्यांचा फोन आला. "मॅडम, उद्या शाळंला सुट्टी हाय न्हवं? या. दुसरं कोनी नको."

मी गेले तर होडीत नाना, बाई आणि दत्तू. दत्तू पाण्याकडं तोंड करून बसलेला. बाई त्याच्या घरी गेल्या होत्या, एवढं मला नंतर कळलं. "मागचं काय काढनार न्हाई, तुला चूक म्हनायला बी आले न्हाई, एक तास दे," एवढंच म्हणाल्या होत्या.

अकरा वाजले होते. एरवी त्या वेळेला बाई कुणाला बेटावर पाय ठेवू द्यायच्या नाहीत. आम्ही उतरलो नाही. नानांनी होडी बाभळीच्या सावलीत लावली, बाईंनी आमच्या पुढं एक गोणपाट आडवं धरलं आणि आम्ही त्याच्या वरून बघत बसलो. वाळू तापलेली होती. लांबवर एक सुरय अंड्यांवर बसलेली, चोच उघडी, धापा टाकत. थोड्या वेळानं ती उठली, पाण्यावर गेली, उडता उडता पोट पाण्यात बुडवलं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि परत येऊन ओल्या पोटानं अंड्यांवर बसली.

"ही काय करतीया?" दत्तूनं विचारलं.

"पानी आनतीया. पोटाला लावून. न्हाईतर अंडी शिजतील."

पक्षीण पुन्हा उठली, पुन्हा आली. शेजारची उठली. सगळ्या वाळवंटावर हेच चाललेलं. दत्तू पुढं सरकून, गोणपाटाच्या कडेवर हनुवटी ठेवून बघत राहिला. मी घड्याळ बघितलं नाही, पण एक तासाच्या वर नक्की झालं होतं.

"किती खेपा मारत आसंल?"

"ऊन वाढंल तशा वाढत्यात."

"मोटार न्हाई, पाइप न्हाई," तो स्वतःशीच म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, "कदी उडत्यात ही?"

"पिल्लं उडायला मे सपतो."

मे संपतो म्हणजे त्या तुकड्यावर त्याची काकडी होणार नव्हती. जूनमध्ये पाणी चढणार. हे त्या होडीतल्या चौघांनाही माहीत होतं. बाई त्याच्याकडं बघत नव्हत्या. गोणपाट धरलेले त्यांचे हात भरून आले असावेत, कारण ते हळूहळू खाली येत होतं. दत्तूनं हात पुढं करून एक टोक आपल्या हातात घेतलं.

"ऱ्हाऊ द्या काकडी," तो म्हणाला. "पन ती वाट म्याच केलीया. कुत्री येत ऱ्हानार. ती तोडाय पायजे."

तेव्हा नाना बोलले. त्या दिवसाचं पहिलं वाक्य. "फावडी हायती घरी."

रविवारी सहा पर्यटक आले, पुण्याच्या एका कंपनीतली तरुण मुलंमुली. त्यांना वाटलं होतं जाळी काढायचीत. हातात फावडी आणि घमेली मिळाली. दत्तूनं ट्रॅक्टरच्या फाळानं आपलीच मुरमाची वाट मधोमध उकरली आणि आम्ही ओळीनं उभं राहून मुरूम, मग त्याखालचा गाळ बाहेर काढत गेलो. घमेलं या हातातून त्या हातात. बाई ओळीत माझ्या पुढं. दत्तू मधे उभा राहून ओरडत होता, "बाई, कंबरंत वाकू नका! गुडघ्यात वाका! उद्या उठता यायचं न्हाई!" आणि हौसाबाई, ज्यांनी अख्ख्या गावाला उठाबशा काढायला लावल्या होत्या, मुकाट्यानं गुडघ्यात वाकत होत्या.

रमेश आला. त्याच्यामागं आणखी दोघे मासेमार आले. कुणी बोलावलं होतं, माहीत नाही. वेड्या बाभळीच्या काट्यांच्या फांद्या तोडून त्यांनी दोन्ही अंगांना कुंपण रचलं. दुपारी बाराच्या सुमाराला शेवटचा बांध फुटला आणि एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूला शिरलं. आधी बोटभर, मग घोट्यापर्यंत, मग गुडघाभर. त्या पुण्याच्या मुलांनी असा काही आरडाओरडा केला की लांबवरचे पाहुणे उठून दुसरीकडं जाऊन बसले. बाईंनी तोंडावर बोट ठेवायला सांगितलं नाही. त्या पाण्यात उभ्या होत्या, लुगडं भिजलेलं, चेहऱ्यावर गाळाचे शिंतोडे, आणि मोठमोठ्यानं हसत होत्या. त्यांचे वरचे दोन दात पडलेले आहेत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

पुढच्या रविवारी नवीन सहा जण आले. बाईंनी हजेरी घेतली, खुरपी वाटली आणि होडीकडं न नेता सगळ्यांना दत्तूच्या कलिंगडाच्या रानात नेलं.

"आम्ही पक्षी बघायला आलोय," त्यांतल्या एक बाई म्हणाल्या. त्यांनी खास टोपी आणली होती.

"बघनार की. पन पाखरं राहिली ती ह्या मानसामुळं. ह्याच्या रानातलं तन कोन काढनार?"

दत्तू लाजून "राहू द्या, राहू द्या" करत मागं मागं फिरत होता. त्या टोपीवाल्या बाईंनी पहिल्या पाच मिनिटांत दोन वेल मुळासकट उपटले. दत्तूनं डोळे मिटून घेतले. मग त्यानं त्यांना शेजारी बसवून दाखवलं, तण कोणतं आणि वेल कोणता. दोन तासांनी त्या उठायला तयार नव्हत्या. हातावर कलिंगड फोडून खाल्लं सगळ्यांनी, रस कोपरापर्यंत ओघळत होता, आणि मग होडीत बसून पक्षी बघितले. त्यानंतर दर रविवारी तासभर दत्तूचं रान ठरूनच गेलं. दत्तूची बायको मला म्हणाली, "लई घान खुरपत्यात शहरातली मानसं. पन मनापासून खुरपत्यात."

टेकाडावर पुन्हा अंडी आली. ज्यांची गेली होती त्यांनी दुसऱ्यांदा घातली. मे महिन्यात कौलांखाली पिल्लं दिसू लागली, वाळूच्या रंगाची, फक्त हालली की दिसणारी. बाईंच्या वहीत पर्यटकांच्या नावांखाली आता पिल्लांचेही आकडे यायला लागले. दत्तू रोज संध्याकाळी कुंपण बघून यायचा आणि बाईंना फोन करायचा. एरवी तीन शब्दांच्या वर न बोलणारा माणूस पाच-पाच मिनिटं बोलायचा. बाई इकडून नुसतं "व्हय... व्हय... आसं? बरं" करायच्या आणि फोन ठेवल्यावर नानांना सगळं पहिल्यापासून सांगायच्या.

त्याच जूनमध्ये माझी बदली आमच्या संस्थेच्या पुणतांब्याच्या शाळेत झाली. जिल्हा तोच, पण अगदी दुसरं टोक, गोदावरीच्या काठचं. सामान बांधून झालं होतं. त्या हंगामाची शेवटची होडी निघणार होती, म्हणून मी गेले.

आकाश ढगाळलेलं, वारा सुटलेला. टेकाडावरची बहुतेक पिल्लं उडायला लागली होती. वेडीवाकडी उडायची, आईबापांच्या मागं ओरडत, मधेच वाळूवर आदळायची. आम्ही उतरलो नाही, लांबूनच बघितलं आणि परत निघालो. दत्तूही होता. होडी मधे आली तेव्हा एक पिल्लू एकटंच पाण्यावर उडताना दिसलं. ते फार लांब आलं होतं. पंख जड झालेले, एकदा पाण्याला टेकता टेकता वर उठलं. बाईंनी मागं न बघता हात वर केला. नानांनी इंजिन बंद केलं.

पिल्लू दोनदा होडीवर घिरटी घालून गेलं आणि तिसऱ्यांदा थेट होडीच्या नाळीवर, पुढच्या टोकावर, येऊन उतरलं. बाई तिथंच बसल्या होत्या. त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतर असेल. त्याची छाती धडधडत होती. अजून पुरती काळी न झालेली टोपी, मळकट चोच. त्यानं बाईंकडं एकदा मान वाकडी करून बघितलं आणि डोळे मिटले.

बाई हालल्या नाहीत. वाऱ्यानं त्यांचा पदर सुटून खांद्यावर आला, त्यांनी तो आवरला नाही. वर पिल्लाची आई ओरडत फिरत होती. इंजिन बंद, त्यामुळं होडी वाऱ्याबरोबर वाहत निघाली. आमचा काठ मागं राहिला, दत्तूचं रान मागं राहिलं, आम्ही कुठल्या कुठं चाललो होतो. नानांनी वल्ह्याला हात लावला नाही. मला दिसत होती ती फक्त बाईंची पाठ, ताठ, आणि तिच्या पलीकडं तो एवढासा पांढरा जीव.